‘तोंड आलंय’ एवढंच म्हणत राहिले

तोंड येणं ही आमच्या घरात कधी आजारात मोजली गेली नाही. तोंड आलं की आई परसातल्या जाईचा पाला चावायला द्यायची, रात्री दुधात तूप घालून द्यायची, फारच झालं तर मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या यायच्या. चार दिवसांत बरं वाटायचं. पुढे शिक्षिका झाले तेव्हा वर्गातलं एखादं पोर ‘बाई, तोंड आलंय’ म्हणालं की मीही तेच सांगायची.

त्यामुळे २०२२ च्या जूनमध्ये जिभेच्या डाव्या कडेला, जिथे एका तुटक्या दाढेचं टोक घासायचं तिथे, हरभऱ्याच्या डाळीएवढी जखम झाली तेव्हा मी म्हटलं, तोंड आलंय. जुलैतही तेच म्हटलं. गौरी-गणपतीत पुरणपोळी उजव्या बाजूने चावून खाल्ली आणि तेव्हाही तेच म्हटलं. ऑक्टोबरमध्ये दाताच्या डॉक्टरांकडे दाढ दाखवायला गेले, तर त्यांनी दाढ बाजूला ठेवून आधी जीभ पाहिली. हातमोजा घालून ती कड दोन बोटांत धरून दाबली. म्हणाले, ‘दोन-तीन आठवड्यांत भरत नाही त्या जखमेला तोंड येणं म्हणायचं नाही.’ तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला. तंबाखू, मिश्री, सुपारी यांतलं काही मी आयुष्यात तोंडात घातलेलं नाही. म्हणून कुणाच्या मनातही ते आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

डिसेंबरच्या २० तारखेला ऑपरेशन झालं. जिभेची कड आणि मानेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर तीस लाईट ठरले. आमच्या भागात रेडिएशनला सगळे लाईटच म्हणतात. ‘तुमचे किती लाईट झाले?’ ही तिथल्या बाकावरची पहिली ओळख. सोमवार ते शुक्रवार रोज एक, एकेक २ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), एकूण ६० ग्रे. तासगावहून रोज मिरजेला ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणून माझा मुक्काम मिरजेत ताईकडे. आमचे हे द्राक्षबागेत अडकलेले, कारण फेब्रुवारी म्हणजे माल उतरायचे दिवस. ते दोन-तीन दिवसांनी येऊन जात. बाकी सगळं ताईने आणि दाजींनी केलं.

पहिला लाईट ६ फेब्रुवारी २०२३ ला. त्याआधी चेहऱ्यावर गरम पाण्यातून काढलेली जाळीची प्लास्टिकची शीट बसवून मुखवटा केला होता. तो रोज चेहऱ्यावर घट्ट लावायचा आणि टेबलाला अडकवायचा, म्हणजे मान तिळभरही हलत नाही. लाईट घेताना काहीही दुखत नाही, हे खरं आहे. सुरू व्हायच्या आधी मला सांगितलं होतं, की तोंडात फोड येतील, गुळण्या करत राहा, तिखट खाऊ नका. मी मान डोलावली. तिखट सोडलं आणि बाकी सगळं विसरले.

दहावा लाईट झाला त्या शुक्रवारी टाळू लाल झाला होता. चहा पोळल्यावर होतो तसा. पुढच्या चार दिवसांत गालाच्या आतून, जिभेखाली, मागे पडजिभेपर्यंत पांढरे चट्टे पसरले. लाळ दोऱ्यासारखी चिकट झाली, थुंकायला गेलं तर ओठापासून तुटायची नाही. त्याच आठवड्यात हे आमच्याच बागेतली द्राक्षांची पेटी घेऊन आले. घड मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्या वर्षी माल विशेष चांगला होता. माझ्यासाठी म्हणून यांनी एक मणी घेतला, नखाने त्याची साल सोलली, आतलं बी आहे का बघितलं आणि माझ्या जिभेवर ठेवला. मी तो दाताखालीही घेतला नाही. नुसता रस सुटला आणि कानापर्यंत आग गेली. मी तो मणी तळहातावर थुंकला तेव्हा त्याला रक्त लागलेलं होतं. हे काही बोलले नाहीत. पेटी उचलून त्यांनी शेजारच्या घरात देऊन टाकली.

२४ तारखेला शुक्रवार होता, डॉक्टर आठवड्यातून एकदा बघतात तो दिवस. बाहेर चाळीस-पन्नास माणसं. माझा नंबर आला तेव्हा आत एक तरुण डॉक्टर होते, दमलेले. ‘काय त्रास?’ मी म्हटलं, ‘काही नाही, जरा तोंड आलंय.’ त्यांनी कागदावर बी-कॉम्प्लेक्स आणि ‘मीठ-पाण्याच्या गुळण्या’ असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मी स्वतःच जे औषध आयुष्यभर सांगत आले तेच मला मिळालं होतं. वाईट वाटलं ते शनिवारी रात्री, जेव्हा पाण्याचा घोट गिळायला मला भिंत धरून उभं राहावं लागलं.

शनिवार-रविवारी मी काय खाल्लं ते ताईने नंतर मोजून सांगितलं. दोन दिवसांत मिळून दोन कप थंड दूध, वाटीभर पेज, तीही अर्धी सांडलेली, आणि एक अंडं दुधात फेटून. बोलणं थांबवलं होतं. भाचीची जुनी पाटी घेतली आणि तिच्यावर लिहू लागले.

सोमवारी सोळावा लाईट. मशीनच्या खोलीबाहेर वजनकाटा असतो, दर सोमवारी त्याच्यावर उभं राहायचं. सुरुवातीला ५६ किलो होते, त्या दिवशी काटा ५२.४ वर थांबला. काट्याशेजारच्या सिस्टरनी आकडा लिहिला, मागचा आकडा पाहिला आणि मला खुर्चीवर बसवलं.

‘मॅडम, कालपासून काय काय खाल्लंत?’

मी पाटीवर ‘तोंड आलंय’ लिहिलं.

‘ते राहू दे. काय खाल्लंत ते लिहा.’

मी लिहिलं. दूध, पेज, अंडं.

‘चपाती, भात? मऊ केलेला?’

मी हाताने नाही म्हटलं.

सिस्टरनी बॅटरी आणली, माझं तोंड उघडायला लावलं आणि क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आता आत गेल्यावर तोंड आलंय असं म्हणू नका. घट्ट अन्न गिळता येत नाही, फक्त पातळ जातंय, असं म्हणा. पाटीवर तसंच लिहा आणि पाटी डॉक्टरांच्या समोर धरा.’

पाटी पुसून मी तसं लिहिलं: ‘गुरुवारपासून घट्ट अन्न गिळता येत नाही. पातळच जातं, तेही थोडं. पाणी पिताना रडू येतं. वजन ३.६ किलो उतरलं.’ त्या दिवशी ओपीडी नव्हती, पण सिस्टरनी मोठ्या डॉक्टरांना गाठून मला दोन लाईटच्या मध्ये आत सोडलं. डॉक्टरांनी पाटी वाचली, माझ्या फाईलमध्ये इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि दाजींना म्हणाले, ‘हे ग्रेड तीन आहे.’

हे ग्रेडचं मला तिथे कळलं, आणि मला वाटतं प्रत्येक पेशंटला ते पहिल्या लाईटच्या आधी कळायला हवं. तोंडातल्या या जखमांची जी मोजपट्टी जगभर वापरतात, तिच्यात फोडांचा आकार जवळजवळ दुय्यम आहे. तोंड लाल आणि दुखरं, तर एक. फोड आहेत पण घट्ट अन्न खाता येतं, तर दोन. फक्त पातळ जातं, तर तीन. तोंडाने काहीच जात नाही, तर चार. म्हणजे डॉक्टरांना मी किती कळवळतेय हे कळून उपयोग नव्हता. मी काय गिळू शकते हे त्यांना हवं होतं, आणि मी तेच सोडून बाकी सगळं सांगत होते.

मग त्यांनी समजावलं. तोंडाच्या आतली नाजूक कातडी दर आठ-पंधरा दिवसांनी नवी होत असते. भराभर वाढणाऱ्या पेशींवर लाईटचा मारा आधी बसतो, कॅन्सरच्याही आणि या कातडीच्याही. जुनी झिजते, नवी तयार होत नाही, म्हणून आतून सगळं सोलवटतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हे सर्वांत वाईट असतं आणि शेवटच्या लाईटनंतरही दोन-चार आठवडे राहतं. ‘म्हणजे तुमचा अजून चढ बाकी आहे,’ ते म्हणाले. ‘मला तुमच्या लाईटमध्ये खंड पडू द्यायचा नाही. मध्ये सुट्टी घेतली तर उरलेल्या वाईट पेशींनाही वाढायला सवड मिळते. खाणं सुरू राहिलं तर लाईट सुरू राहतील. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, आणि लागली तर ती घालू, त्यात काही कमीपणा नाही.’

औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी जे लिहिलं ते असं होतं. खाण्याचा सोडा आणि मीठ एकेक चमचा, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, दर दोन तासांनी चूळ भरायला. बेन्झिडामाइनचं तोंड धुवायचं औषध, ०.१५ टक्क्यांचं, १५ मिली, तोंडात तीस सेकंद खेळवून थुंकायचं, दिवसातून सहा वेळा, त्यातले तीन वेळा जेवणाआधी. आणि लिग्नोकेनचं बधिर करणारं घट्टसर, पाकासारखं औषध, २ टक्क्यांचं, फक्त असह्य झालं तरच, थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. त्याशिवाय वेदनेसाठी पोटात घ्यायचे थेंब. बी-कॉम्प्लेक्सवर त्यांनी काट मारली नाही, ‘चालू द्या’ म्हणाले.

चिठ्ठी हातात आली म्हणजे औषध मिळालं असं मला वाटलं होतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, पावलोपावली मेडिकल. दाजी चिठ्ठी घेऊन गेले आणि दहा मिनिटांत बेन्झिडामाइनच्या जागी एक गुलाबी बाटली घेऊन परत आले. दुकानदार म्हणाला होता, ‘मामा, ते नाही, पण हे सेमच आहे. तोंडाच्या फोडांवर हेच चालतं.’ बाटलीवर पुदिन्याच्या पानांचं चित्र होतं. दाजींचा काही दोष नाही. नाव लांबलचक, अक्षर डॉक्टरांचं, आणि दुकानदार खात्रीने बोलतोय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

रात्री जेवणाआधी मी ते टोपणभर तोंडात घेतलं. त्या क्षणाचं वर्णन करायचं तर एवढंच करता येईल, की मला तीन सेकंदांच्या पुढे मोजता आलं नाही. उघड्या जखमेवर स्पिरिट ओतावं तसं झालं. मी बेसिनवर वाकले आणि नळाखाली तोंड धरून राहिले. ताई पाठीवरून हात फिरवत होती आणि रडत होती. पेज तशीच राहिली. भाचीने मोबाइलने बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढला, मोठा करून वाचला. आत क्लोरहेक्झिडीन होतं, आणि अल्कोहोल. हिरड्यांसाठी, दातांच्या किटणासाठी वापरतात ते औषध. ज्याचं काम वेगळं आहे ते सेम कसं?

दुसऱ्या दिवशी मी ती बाटली लाईटला जाताना सोबत नेली. सिस्टरनी ती पाहून नुसती मान हलवली. डॉक्टरांनी नवीन चिठ्ठी केली. या वेळी औषधाचं मूळ नाव मोठ्या सुट्या अक्षरांत, टक्केवारीसकट, आणि खाली मराठीत एक ओळ: ‘अल्कोहोल नसलेलंच. याऐवजी दुसरं देऊ नये.’ ती ओळ मी फार जपली. पुढे ज्या ज्या दुकानात चिठ्ठी गेली तिथे आधी त्या ओळीवर बोट ठेवायचं, हे दाजी शिकले.

तरी पहिल्या दोन दुकानांत ते नव्हतंच. तिसऱ्याने खरं सांगितलं, ‘माझ्याकडे एकच बाटली आहे. बाकी सांगलीच्या होलसेलवाल्याकडून उद्या सकाळी मागवतो.’ त्या खरं सांगणाऱ्या माणसाशी आम्ही शेवटपर्यंत बांधून राहिलो.

एक बाटली १२० मिलीची. रात्री अंथरुणावर पडून मी हिशोब केला, गणितच शिकवते मी. दिवसाला सहा वेळा १५ मिली म्हणजे ९० मिली. एक बाटली सव्वा दिवसाहून थोडीच जास्त. चार दिवसांना तीन बाटल्या. लाईट संपेपर्यंत तीन आठवडे आणि नंतरचे तीन, म्हणजे जवळपास बत्तीस बाटल्या. चिठ्ठीवर किती बाटल्या हे लिहिलेलंच नव्हतं, आणि न लिहिलेलं असलं की दुकानदार एक देतो. एक बाटली संपायची ती नेमकी रात्री किंवा रविवारी. हे मी कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हिशोब एकदा तपासला आणि चिठ्ठीवर दिवस आणि बाटल्यांची संख्या घातली. दुकानदारानेही मग आठवड्याच्या सहा-सहा बाटल्या आणून ठेवायला सुरुवात केली. बिलं मी एका डब्यात साठवली. वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी प्रत्येक बिलाला चिठ्ठी जोडलेली लागते, आणि गुलाबी बाटलीचं बिल मी त्यात लावलं नाही.

आता त्या बेन्झिडामाइनबद्दल. पहिल्यांदा घेतलं तेव्हा तेही झोंबलं, पण वेगळं. पाच-सहा सेकंद चरचर, आणि मग तोंडात कुणीतरी गार ओलं फडकं पसरावं तसं हळूहळू बधिर होत गेलं. फार चरचरलं तर तेवढंच पाणी घालायला सांगितलं होतं. मी पहिला आठवडा पाणी घालूनच घेतलं. पण १५ मिलीत १५ मिली पाणी म्हणजे घोट मोठा होतो आणि माझं तोंड ऑपरेशननंतर पूर्वीएवढं उघडत नव्हतं. मग मी त्याचे दोन भाग केले, अर्धं आधी, अर्धं मग. गाल फुगवून खळखळवायची गरज नाही, तसं केलं तर चट्टे ओढले जातात. डोकं नुसतं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग थोडं मागे कलवायचं, औषध आपलं आपण फिरतं.

तीस सेकंद फार लांब असतात. ताईचं घर सतारमेकर गल्लीच्या मागच्या अंगाला आहे. सकाळी समोरच्या कारखान्यात तारा जुळवण्याचं काम चालायचं. एकच स्वर, पुन्हा पुन्हा, थोडा चढता, थोडा उतरता. न्हाणीत बेसिनसमोर उभी राहून मी घड्याळ बघायचं सोडलं आणि त्या टणत्कारांवर मोजू लागले. आजही कुठे तार छेडल्याचा आवाज आला की माझ्या जिभेवर ती चव येते.

औषध थुंकल्यावर लगेच खायचं नाही. पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग जे काही पंधरा-वीस मिनिटांचं मोकळं अंतर मिळतं त्यात जेवून घ्यायचं. ताईने त्याचा पक्का बेत बसवला होता. मी न्हाणीत गेले की ती ताट वाढायला घ्यायची. मुगाच्या डाळीचं पातळ वरण, त्यात मऊ भात मिक्सरला फिरवलेला. नाचणीची पेज, पण ताक न घालता, कारण आंबट अजिबात चालत नव्हतं. रव्याची पातळ खीर. दुधात अंडं. सगळं कोमट, गरम नाही. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी वाटीभर भात संपवला. चव कशाचीच लागत नव्हती, ती केव्हाच गेली होती, पण वाटी रिकामी झाली. ताईने ती वाटी धुवायला न टाकता बराच वेळ ओट्यावर तशीच ठेवली होती.

लिग्नोकेनच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. चौथ्या आठवड्याच्या शेवटी एका दुपारी बेन्झिडामाइनने पुरेसं बधिर झालं नाही म्हणून मी ते पाकासारखं औषध तोंडात घेतलं, घशापर्यंत जाऊ दिलं आणि थुंकून लगेच पेज प्यायला बसले. घसा पूर्ण बधिर. घोट कुठे चालला आहे हेच कळेना. असा ठसका लागला की डोळ्यांपुढे अंधारी आली, पेज नाकातून बाहेर आली. दाजींनी पुढे वाकवून पाठ धरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदाच माझ्यावर थोडे चिडले. घशाला जाणीव नसताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. बधिर असताना गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही. जास्त वेळा घेतलं तर ते अंगात भिनतं, हृदयाला आणि मेंदूला त्रास देऊ शकतं. तेव्हापासून ते औषध मी जेवणासाठी वापरलंच नाही. कापसाच्या काडीवर टिपकाभर घ्यायची आणि जिभेच्या कडेला, ऑपरेशनच्या टाक्यांजवळ जो एक चट्टा झोपू देत नव्हता, तेवढ्यावरच टेकवायची, रात्री.

पाचव्या आठवड्यात सगळं पुन्हा बिघडलं. औषध घेऊनही आग थांबेना. ताई म्हणाली, सहाऐवजी आठ वेळा घेऊन बघ. माझंही मन तसंच म्हणत होतं. पण पाटीचा धडा ताजा होता, म्हणून आधी दाखवायला गेले. डॉक्टरांनी लाकडी पट्टीने गालावरचा पांढरा थर हलकेच खरवडला, तर दह्याच्या साईसारखा निघून आला आणि खाली लालबुंद. म्हणाले, ही बुरशी आहे. लाळ कमी झाली, तोंड सोललं की ती धरतेच. तिच्यावर कितीही चुळा भरल्या तरी ती जाणार नाही, तिचं औषध वेगळं. तोंडात लावायचं क्लोट्रिमाझोल दिलं आणि चार दिवसांत मी पुन्हा आधीच्या जागी आले. मी त्या दिवशी आठ वेळांचा हिशोब करत घरी बसले असते तर?

त्याच सुमाराला रात्रीच्या वेदनेसाठी काही दिवस मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या. त्या बाहेरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. दवाखान्याच्याच फार्मसीत वही काढून, सही घेऊन, मोजून दिल्या. नाव ऐकून यांचा चेहरा उतरला होता, की आता शेवटचं औषध सुरू झालं. तसं काही नव्हतं. तोंड भरलं तशा त्या कमी करत बंद केल्या. बद्धकोष्ठ मात्र होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्यावं.

बाकावर माझ्या शेजारी जतकडचे एक काका बसायचे, गालाचा कॅन्सर, त्यांचे पस्तीस लाईट. एकदा मी त्यांना पाटीवर विचारलं, तोंडाला काय लावता? ‘काय नाय, तोंड आलंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्यात.’ मी पाटी पुसली आणि सिस्टरनी मला सांगितलं होतं ते जसंच्या तसं लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या सुनेने वाचून दाखवलं. पुढच्या सोमवारी त्यांच्या पिशवीत माझ्याच औषधाची बाटली होती.

धुळवडीच्या दिवशी मशीन बंद होतं, तेवढा एक दिवस सोडला तर माझा एकही लाईट चुकला नाही. तिसावा २० मार्चला झाला. वजन ५१ वर टिकलं होतं, नळी लागली नाही. दोन दिवसांनी पाडवा. तासगावला परत आले, गुढी उभारली. घरात श्रीखंड होतं, मी कोमट खीर घेतली. कडुनिंबाचं पान यांनी जिभेला नुसतं टेकवलं. कडूही लागलं नाही.

लाईट संपले की तोंड बरं होईल असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, मला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी तग धरला. पहिले दहा दिवस उलट जास्तच त्रास झाला. बाटल्या तासगावच्या दुकानात नव्हत्या, हे मिरजेहून आणत. रामनवमीनंतर चट्ट्यांच्या कडा गुलाबी होऊ लागल्या. मग सहाचे चार वेळा झाले, चाराचे दोन. माझ्या हिशोबातल्या बत्तीसपैकी पंचवीस बाटल्या लागल्या.

अक्षय्य तृतीयेला, २२ एप्रिलला, दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो. मऊ भाकरी दुधात कुस्करून, वर थोडा साधा वरण-भात. जेवण झालं, भांडी घासून झाली. चारच्या सुमाराला न्हाणीत हात धुवायला गेले तेव्हा फळीवर बाटली दिसली आणि लक्षात आलं, की जेवणाआधी मी ती घेतलीच नव्हती. मी यांना हाक मारली. पाटी न घेता, तोंडाने.

तोंड आता कायमचं कोरडं असतं. पाण्याची बाटली वर्गातल्या टेबलावर ठेवते, रात्री मीठ-सोड्याची चूळ अजून चालू आहे, आणि पुदिना नसलेली टूथपेस्ट लहान मुलांच्या मऊ ब्रशने लावते. द्राक्षं या वर्षी खाल्ली. साल काढून, चार मणी.